पंचमीनंतरचा झोका

ज्या वर्षी परभणी जिल्ह्याचे दोन हिस्से होऊन आमचा हिंगोली जिल्हा वेगळा निघाला, त्या वर्षी मी एकटीच वजनानं दोन हिश्श्यांची झाले होते. वसमतच्या डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं, रक्त तपासलं आणि कागदाकडं बघत विचारलं, घरात कुणाला शुगर होती का?

मालक शेजारी उभे होते. ते खिडकीबाहेर बघायला लागले. मी म्हणाले, आईला होती. डॉक्टरांनी पुढं काही विचारलं नाही, आणि आई नांदेडच्या दवाखान्यातून घरी आली तेव्हा तिचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता, हे मीही सांगितलं नाही.

"रोज सकाळी पाऊण तास चालायचं," डॉक्टर म्हणाले.

वसमतच्या माणसाला हे म्हणणं सोपं आहे. आमच्या कुरुंद्यात बाई रिकाम्या हातानं चालत नाही. पहिल्या दिवशी एका बैलगाडीवाल्यानं गाडी थांबवून मला बसायला जागा करून दिली. नको म्हटलं तर त्याला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तिघींनी अडवून विचारलं, एवढ्या सकाळी कुठं निघालात. तिसऱ्या दिवशी गल्लीतली एक म्हातारी माझ्या धाकट्या जावेला बाजूला घेऊन हळूच विचारून गेली की, थोरली रुसून माहेरी चालली का? मी घरी पोचायच्या आत माझं भांडण झालेलं होतं, त्याचं कारणही ठरलेलं होतं, फक्त मला कुणी कळवलं नव्हतं.

मग मी हातात काहीतरी असावं म्हणून रॉकेलचा रिकामा डबा घेतला. छान चालले, कुणी हटकलं नाही. परत येते तर रेशन दुकानासमोर निम्मी गल्ली डबे घेऊन रांगेत उभी. मला डबा घेऊन लगबगीनं जाताना बघून लोकांना वाटलं, रॉकेल आलं. दुकान तर उघडलंही नव्हतं. रांगेतल्या बायांनी माझ्याकडं असं बघितलं की माझं चालणं तिथंच संपलं.

एवढ्यात नागपंचमी आली. घरामागच्या चिंचेला दरवर्षीसारखा झोका बांधला. जाड दोर, खाली फळी. पोरीबाळी खेळून गेल्यावर जाऊ म्हणाली, "चला बाई, आपण चढवू." लग्न झाल्यापासून मी झोक्यावर उभी राहिले नव्हते. आम्ही समोरासमोर उभ्या राहिलो, तिचे पाय बाहेरच्या बाजूला, माझे आत. एकीनं गुडघे वाकवून जोर द्यायचा, मग दुसरीनं. पहिल्या चार हेलकाव्यांत मी देवाचं नाव घेतलं, पुढच्या चारांत जावेला शिव्या दिल्या, आणि नंतर झोका इतका वर गेला की कौलांपलीकडचं हळदीचं शेत दिसायला लागलं. खाली उतरले तेव्हा लुगडं घामानं चिंब होतं. दुसऱ्या दिवशी मांड्या अशा धरल्या की मी जिना बसून उतरले. दोन दिवसांनी पुन्हा चिंचेखाली गेले.

आमच्याकडं पोळ्याच्या आत झोका सोडतात. मालक दोर मागायला आले, शिवाय ती म्हातारीही दारात येऊन म्हणाली, पंचमी झाली की झोका ठेवू नाही, आणि या वयात तर नाहीच. मी सरळ वसमत गाठलं. नवीन तपासणीत शुगर बरीच खाली आली होती. डॉक्टरांनी विचारलं, चालणं चालू आहे ना? मी म्हणाले, झोका चालू आहे, आणि तसं लिहून द्या. ते हसले, पण त्यांनी औषधांच्या खाली लिहिलं: रोज झोका. तो कागद मी गल्लीत दारोदार दाखवला. म्हातारीला अक्षर लागत नव्हतं, तिला दोनदा वाचून दाखवला.

दिवाळीपर्यंत आम्ही सात जणी झालो. कुणाची कंबर, कुणाचे गुडघे. दुपारची भांडी आवरली की हाका सुरू व्हायच्या, चला दवाखान्याला. एक जोडी झोक्यावर असली की बाकीच्यांची करमणूक माझ्याकडं असायची. मी नकला करायचे. रेशनवाल्याची, बैलगाडीवाल्याची, आणि सगळ्यात जास्त फर्माईश असायची ती माझ्या आईची.

आमच्या आईला काटा टोचत नव्हता. बाभळीचा काटा पायात मोडून ती पाण्याच्या दोन खेपा करायची आणि मग कुणीतरी दाखवल्यावर म्हणायची, अगं हो की. चुलीतून निखारा बाहेर पडला तर अंगठ्यानं आत सारायची. आम्ही भावंडं शाळेत फुशारकी मारायचो की, आमच्या आईचे पाय लोखंडाचे आहेत. मी चिंचेखाली आईसारखी चालायचे, खोटा काटा मोडून घ्यायचे, चेहरा जराही न हलवता खेपा करायचे. बाया पदर तोंडात धरून हसायच्या. नांदेडपर्यंत मी गोष्ट कधी नेली नाही. मलाच तेव्हा दोन्ही टोकं जोडता येत नव्हती, की जोडायची नव्हती, हे आज सांगता येत नाही.

फळी खरखरीत होती. सगळ्या जणी कुरकुरायच्या, तळव्यांना टोचतं म्हणायच्या. मी म्हणायचे, मला तर काही होत नाही, लोखंडाच्या घराण्यातली आहे.

तुरी काढायचे दिवस होते. मी आणि जाऊ झोक्यावरून उतरलो, पुढची जोडी चढायला गेली आणि थांबली. फळीवर रक्त होतं. फळीतला एक खिळा वर आलेला होता. सगळ्या जणी एका पायावर उभ्या राहून आपापले तळवे बघायला लागल्या. सहा बाया लंगडी घातल्यासारख्या. मला राहवलं नाही. मी विचारलं, कोण गं एवढी नाजूक नार, खिळ्याला पण पाझर फोडला?

कुणी हसलं नाही. जाऊ माझ्या पायाकडं बघत होती. मी उभी होते तिथं मातीत एक काळा डाग पसरत होता.

"बाई, पाय वर करा," ती म्हणाली.

उजव्या तळव्याला, बोटांच्या खाली, भोक पडलं होतं. मी हात लावला. हाताला रक्त कळलं, पायाला हात कळला नाही. तेव्हा मला आईची नक्कल पूर्ण येते हे समजलं.

जखम भरायला दोन महिने लागले. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून सुईच्या टोकानं जागोजाग विचारलं, कळतंय का? टाचेला कळत होतं, पुढं नाही. गेलेलं परत येईल असं धरून चालू नका, उरलेलं सांभाळा, असं ते म्हणाले. अनवाणी फिरायचं नाही. रोज संध्याकाळी तळवा आरशात बघायचा, कारण आता पायाचं काम डोळ्यांनी करायचं.  मालकांनी दोर सोडून खुंटीला लावला आणि फळी फोडून पाणी तापवायला जाळली.

ते दोन महिने मी उंबऱ्याजवळ पाय लांब करून बसायचे. बाया यायच्या, बसायच्या, नक्कल मागायच्या नाहीत. शुगर पुन्हा वर गेली. मला पायाची भीती होती आणि बसून राहण्याचीही, आणि दोन्ही भीती एकाच पायाच्या होत्या. एका सकाळी बघते तर मालक अंगणात नवी फळी मांडीवर घेऊन काचेच्या तुकड्यानं घासत होते. चार दिवस घासत होते. खिळा एकही नाही, भोकं पाडून दोर ओवलेला. 

हळद शिजवायचे दिवस आले होते. शेतातल्या कढयांचा धूर चिंचेपर्यंत यायचा. मी पायात कापडी बूट घालून पुन्हा बांधलेल्या झोक्याजवळ गेले. जाऊ दोर धरून उभी होती.

"उभं राहायचं आसंल तर पायाला कळलं पायजे," ती म्हणाली. "न्हाई तर मी चढू देनार न्हाई. बूट काढा."

"तू काय डॉक्टरीण झालीस काय गं?"

"व्हय. काढा."

मी काढले. आम्ही दोघी फळीवर समोरासमोर उभ्या राहिलो, झोका स्थिर होता. तिनं मला डोळे मिटायला लावले. ती माझ्या पायावर पाय ठेवणार, आणि कुठं ठेवला ते मी सांगायचं.

"आता कुठंय?"

मी चेहरा शांत ठेवला. ते मला जन्मापासून येतं. "अंगठ्यावर," मी म्हणाले.

"अन् आता?"

"करंगळीवर. दाबू नको एवढं, दुखून राहिलं."

 ती म्हणाली, "बाई, मी अजून पाय ठेवलाच न्हाई."

मी डोळे उघडले. तिचे दोन्ही पाय फळीच्या कडांना होते, माझ्या पायांपासून चांगले वीतभर लांब. काहून खोटं बोलता, असं तिनं विचारलं नाही. तिनं माझा खांदा खाली दाबला.

"बसा."

मी फळीवर बसले. कुरुंद्यात पोरं बसतात, पाहुणे बसतात. मी कधी बसले नव्हते. तिनं मला आधी बूट घालायला लावले, मग पाय माझ्या दोन्ही बाजूंना रोवून गुडघे वाकवले आणि एकटीनं जोर दिला. झोका जड होता, तिला धाप लागत होती. मी शिव्या दिल्या नाहीत. हळूहळू कौलं खाली गेली, शेत दिसायला लागलं, धूर दिसायला लागला. उभं राहिल्यावर आपले पाय दिसत नाहीत. आता मी ते समोर लांब केले होते, आणि वर जाताना दोन्ही बूट एकदमच हळदीच्या शेतावर यायचे. डावा, उजवा. मी दर वेळी बघत होते.