मावशीचं वेलचीचं तेल

माझ्या मावशीचं पार्लर म्हणजे घराची पुढची खोली. दोन खुर्च्या, एक लांबडा आरसा आणि खिडकीत वाळत टाकलेले टॉवेल. दारात पाऊल टाकलं की आधी वेलचीचा वास यायचा, मग मावशी दिसायची. वेलचीच्या दाण्यांचं तेल फार जहाल. त्याचे मोजून तीन थेंब ती वाटीभर तिळाच्या तेलात टाकायची आणि डोक्याला चोळायची. बोटांना उरलेलं तेल गिऱ्हाइकाच्या कोपरांना.

“यानं केस वाढतात का हो?” कुणी विचारलं की म्हणायची, “ते काही मी सांगत नाही. पण कोरडेपणा जातो, आणि तासभर तुम्ही कुणाशी भांडत नाही.”

नाक्यावरची शिंपीण तिची जुनी गिऱ्हाईक. मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी ती आली, तेव्हा मावशीला कौतुकाचं भरतं आलं. घमघमाट सुटायला हवा म्हणून तिनं वाटीत वेलचीच्या तेलाची बाटलीच उपडी केली आणि ते डोक्याला चोळलं. दोन मिनिटांत शिंपीण ओरडली, “अगं, आग होतेय!” धुऊन काढेपर्यंत कपाळ लालबुंद होऊन सुजलं होतं. लग्नात बिचारी डोक्यावरून पदर ओढूनच बसली.

मावशीनं पार्लरला कुलूप लावलं. रोज ती शिंपिणीच्या दारात जायची. तीन दिवस दार उघडलंच नाही. चौथ्या दिवशी उघडलं, कारण लग्नामुळे शिवणकाम तुंबलं होतं.

“बटणं तरी लावता येतात का?”

“येतात.”

“मग बस.”

आठवडाभर मावशी खाली मान घालून बटणं लावत बसली. पहिल्या दिवशीची अर्धी शिंपिणीनं उसवून पुन्हा लावली. कपाळ निवळलं तशी तीच म्हणाली, “पुरे झालं. उद्या पार्लर उघड. पहिली मीच येते.”

ती आली, पण मावशीचा हात काही डोक्याकडे जाईना. तिनं मिसळलेल्या तेलाचा एक थेंब शिंपिणीच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावला आणि म्हणाली, “उद्या ये. काही झालं नाही तर डोक्याला लावू.” तेव्हापासून नव्या बाईला हाच नेम. काही जणी वैतागून दुसरीकडे गेल्या. मावशीनं त्यांना अडवलं नाही.

पुढे दोघींची मैत्री इतकी घट्ट झाली की कात्री कुणाची आणि कंगवा कुणाचा, हेही कळेनासं झालं. आता मावशीच्या पार्लरच्या जागी मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मी तिथून जाते तेव्हा पाय आपोआप रेंगाळतात. दुकानदाराला वाटतं, माझा फोन बिघडलाय.