समोरासमोरची दारं

आनंदराव पिसाळांना वाकडं काही खपत नसे. साताऱ्याहून ते जयपूरला बांधकाम खात्यात ओव्हरसीअर म्हणून आले आणि इथल्या सरळसोट रस्त्यांवर असे काही भाळले, की घरातली खाट जरा तिरकी दिसली तरी बायकोला हाक मारून सरकवून घेत. बायको, म्हणजे प्रतिमा, सरकवायची. करते काय बिचारी!

सत्तावन्नच्या थंडीत इराणच्या डोंगराळ मुलखात भूकंप झाला. तिथं पत्र्याची घरं उभारायला स्वयंसेवक हवे होते, आनंदरावांनी नाव दिलं. घरात त्यांची आई अंथरुणाला खिळलेली.

"आईंचं काही खरं नाही. तुम्ही जाऊ नका," प्रतिमा म्हणाली.

"अगं, तिथं लेकरंबाळं उघड्यावर पडलीत."

आणि ते गेले.

मागं म्हातारीचं सगळं अंथरुणातच. प्रतिमानं ते नाक न मुरडता केलं. म्हातारी दाराकडे डोळे लावून विचारायची, "अंद्या आला का गं?"

"येतील हं आई. तिकडं लेकरांच्या डोक्यावर छप्पर घालतायत ते."

मग म्हातारी आल्यागेल्याला तेच कौतुकानं सांगायची. फाल्गुनात ती गेली. तोंडात गंगाजळ सुनेनं घातलं, अग्नी महाराष्ट्र मंडळाच्या आप्पासाहेबांनी दिला. एक म्हातारी मुलाविना गेली, पण तिकडं कितीतरी लेकरं वाचली, अशी प्रतिमानं स्वतःची समजूत घातली. त्या समजुतीवरच ती उभी होती.

चैत्रात आनंदराव परतले. आईसाठी ढसाढसा रडले आणि आठवड्याभरात तिथं उभारलेल्या घरांचे फोटो घरोघर दाखवत फिरू लागले.

श्रावणात नंदकिशोर शर्मा भेटायला आला. हा जयपूरजवळच्या चौमूं गावचा शाळामास्तर. स्वयंसेवकांच्या त्याच तुकडीतला, पण आनंदराव परतल्यावरही तिथं राहिलेला. आनंदरावांनी हौसेनं त्याच्यापुढे फोटो मांडले. मधे गल्ली, दोन्हीकडे पत्र्याच्या घरांच्या रांगा, दारासमोर दार.

"पिसाळजी," नंदकिशोर म्हणाला, "इनमें कोई रहा नहीं."

प्रतिमा चहा घेऊन आली होती, ती तिथंच थबकली. नंदकिशोरनं सांगितलं ते असं. त्या गावात कुणाचं दार कुणाच्या दारासमोर ठेवत नाहीत, घरातल्या बायका परक्याच्या नजरेला पडतात म्हणून. बांधकाम चालू असतानाच गावचा म्हातारा दुभाष्याला घेऊन, आखणी करणाऱ्या आनंदरावांकडे आला होता, एका रांगेची दारं मागच्या बाजूला करा म्हणून हात जोडत होता. आनंदरावांनी ऐकलं नाही. वर म्हणाले, आदत पड़ जाएगी. मग बायका मुलांना घेऊन फाटक्या तंबूंतच राहिल्या आणि घरांत मेंढ्या बांधल्या गेल्या.

"और बच्चे, भैया?" प्रतिमानं विचारलं.

नंदकिशोरची मान खाली गेली. "इनके लौटते ही फिर बर्फ गिरी, भाभीजी. निमोनिया हुआ. कितनों के गड्ढे मैंने खुद खोदे."

तो गेल्यावर प्रतिमा नवऱ्यासमोर उभी राहिली. "म्हातारा आला होता तुमच्याकडे?"

"आला होता. पण ऐनवेळी दारं फिरवायची म्हणजे सगळा नकाशा बिघडला असता." त्यांनी फोटो गोळा केले. "पुढच्या खेपेला लक्षात ठेवू. आणि हे बाहेर बोलू नकोस. गणपतीत माझा सत्कार आहे."

पुढच्या खेपेला! प्रतिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गणपतीत मंडळानं शाल-श्रीफळ दिलं. आप्पासाहेब तोंड भरून बोलले आणि शेवटी म्हणाले, "आता वहिनींनी ओवाळावं." कुणीतरी प्रतिमाच्या हातात तबक दिलं. ती पुढं गेली, नवऱ्याच्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिनं तबक खाली ठेवलं.

"मी नाही ओवाळणार. त्या घरांत मेंढ्या राहिल्या, आप्पासाहेब. लेकरं बाहेर गारठून मेली. आणि मी आईंना मरेपर्यंत खोटं सांगत राहिले."

आनंदराव शालीचं टोक चाचपत राहिले. मग आप्पासाहेब हसले. "सासूबाईंच्या दुःखातून वहिनी अजून सावरल्या नाहीत," ते म्हणाले, आणि त्यांनी आपल्या पत्नीला, आक्काबाईंना, खूण केली. त्यांनी लगबगीनं तबक उचलून आनंदरावांना ओवाळलं. साऱ्या मांडवानं टाळ्या वाजवल्या, आणि सासू गेली त्या दिवशीही आलं नव्हतं एवढं रडू प्रतिमाला तिथं, त्या भरल्या मांडवात आलं.