निळा नंदी

मंडळी, आज सकाळी नातीसोबत पोरांच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी रंगवत होते. मानेचा निळा पाठीच्या पांढऱ्यात मिसळेना, मधे रेघ राहिली. आणि ऐंशीच्या दशकातलं आमचं कारधा गाव आठवलं.

बाबांना पुलापलीकडे भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं होतं. निरोप येत नव्हता. आई असाच वीतभर नंदी घेऊन बसलेली. रेघ पुसायला ओल्या ब्रशनं निळा पुढे पुढे ओढत होती. रेघ केव्हाच गेली, तिचा हात थांबेना.

"आई, झालं न! काहून घासून राहिली?"

"रिकामं बसवत नाही मले."

तेवढ्यात काका दारातूनच ओरडले, "वहिनी, दादाले बरं वाटून राहिलं!"

आईनं ब्रश ठेवला. पाहते तर अख्खा नंदी निळा! ती हसता हसता रडायला लागली.

वाट पाहताना तुमचे हात काय करतात हो?