काचबिंदूचं पत्रक

प्रयोगशाळेतली बरी चाललेली नोकरी सोडून बाईंनी सल्लागार कंपनी काढली. कंपनी म्हणजे गॅलरीलगतची खोली, इस्त्रीचं टेबल आणि स्वतः बाई.

"वहिनी, पण तू विकणार काय?" धाकट्या नणंदेने विचारलं.

"शास्त्रज्ञांचं लिखाण लोकांना कळेल असं करून देणार. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, त्यांच्यापर्यंतही पोचवणार."

"गिऱ्हाईक कोण?"

"शास्त्रज्ञ."

"आपलं लिखाण कळत नाही, असं त्यांना वाटतं?"

"नाही."

"मग छानच चालेल," नणंद म्हणाली आणि चहाचे कप उचलून आत गेली.

तोवर घर चालायचं ते नवऱ्याच्या ड्रायव्हिंग स्कूलवर. त्यांना सगळे मास्तर म्हणत. बाईंनी प्रयोग म्हणून घरातल्या पायऱ्यांच्या कडांना पिवळ्या पट्ट्या लावल्या, बटणांवर ठळक अक्षरं चिकटवली. तरी मास्तर कपाटाच्या उघड्या दारावर आपटायचे, डाव्या हाताशी ठेवलेलं भांडं लवंडायचे. शिकवणीची गाडीही त्यांनी फाटकाला डावीकडून घासून आणली आणि खापर शिकाऊ मुलीवर फोडलं. गाडीत तेव्हा शिकाऊ मुलगी नव्हती. बाईंनी त्यांना वेंधळे ठरवलं आणि विषय मिटवला. अख्ख्या जगाची अडचण ओळखायला निघालेल्या माणसाला घरच्यांसाठी एक शब्द पुरतो, त्यातलाच हा प्रकार.

पहिलं काम डोळ्यांच्या दवाखान्याचं आलं, काचबिंदूचं पत्रक. बाई रुग्णांना भेटल्या, त्यांच्या बायकांशी बोलल्या, झपाटल्यासारखं लिहून काढलं. एका वाक्यावर मात्र तिथल्या डॉक्टरीणबाईंशी खटका उडाला. त्यांचं मूळ वाक्य होतं, 'दृष्टीच्या मज्जातंतूची झालेली हानी अपरिवर्तनीय स्वरूपाची असते.'

"गेलेली नजर परत येत नाही, असं सरळ लिहू या ना," बाई म्हणाल्या.

"लोक घाबरतील."

"घाबरू देत. तपासायला तरी येतील."

"घाबरलेला माणूस येत नाही हो. घरी बसून राहतो."

दोघीही हटेनात. शेवटी ती जागा तूर्त कोरी ठेवायचं ठरलं.

बाईंची एक पद्धत होती. लिहिलेलं सगळं आधी मास्तरांना वाचून दाखवायचं. मास्तर हमखास अडवायचे, हे म्हणजे काय, ते कशाला. त्यांनी काही विचारलं नाही, की मजकूर पास. आजवर एकही मजकूर पहिल्या फटक्यात पास झाला नव्हता.

संध्याकाळी बाईंनी वाचायला घेतलं. "काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही. समोरचं नीट दिसत राहतं. बाजूचं हळूहळू नाहीसं होतं आणि ते माणसाच्या लक्षातही येत नाही. तो दारावर आपटतो, हाताशी असलेली भांडी पाडतो आणि घरचे त्याला वेंधळा म्हणतात." या शेवटच्या वाक्यावर बाई बेहद्द खूश होत्या.

मास्तरांनी काहीच विचारलं नाही.

"पास!" असं म्हणून बाईंनी मान वर केली. मास्तर एका डोळ्यावर तळवा ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होते. मग त्यांनी दुसरा डोळा झाकला. मग पुन्हा पहिला.

बाईंनी कागद खाली ठेवला.

"गेलेलं परत येतं का गं?" मास्तरांनी विचारलं.

"दृष्टीच्या मज्जातंतूची झालेली हानी," बाई म्हणाल्या, "अपरिवर्तनीय स्वरूपाची असते."

क्लचवर अडकलेल्या शिकाऊ माणसासाठी थांबावं तसे मास्तर शांतपणे थांबले.

"सोपं करून सांग."

"नाही येत."

"आणि उरलेलं?"

"रोज न चुकता थेंब टाकले, तर बहुतेक टिकतं." एवढं बोलताच बाईंना रडू कोसळलं.

बाई डाव्या बाजूला बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघायला मास्तरांनी अख्खी मान वळवली.

"डॉक्टरीणबाईंना फोन कर," ते म्हणाले. "आणि उद्यापासून गाडी बंद, म्हणून शिकवणीच्या मुलांना कळव. तेही असंच सोपं करून सांग."