संस्थेचं लुगडं

त्या दिवशी नागपूरच्या कोर्टात आम्ही इतके जण होतो: मी, मायी जाऊ शेवंता, आमच्यासंग माग चालवणारी चंद्रकला, समोरच्या पार्टीचे वकीलसाहेब, जज मॅडम, अन शेवंताचा भाऊ, आमचे वकीलभाऊ. अन वकीलभाऊच्या हिशोबानं अजून एक जण हजर होती, आमची संस्था. कारण या माणसाले साऱ्या दुनियेत बिनजीवाची वस्तू कधी दिसलीच नाही. त्यायच्यासाठी सारेच माणसं.

स्कूटर चालू नाही झाली तं दुसरा लाथ मारते. हे तिच्याजवळ वाकून पुसत, "काय वं बाई, बरं वाटून नाही राहिलं का?" उमरेडच्या एसटीत फायलीची थैली खिडकीजवळ बसवत, अन कंडक्टरनं उचलाले सांगितलं तं म्हणत, "राहू दे गा, म्हातारी हाय, तिले गाडी लागते." टपरीवर आम्ही चौघं असलो का पाच चहा सांगत. पाचवा कोणाचा? तं संस्थेचा. अन मंग संस्थेच्या वतीनं आपणच पेऊन टाकत. भेटले का पहिले पुसत, "संस्था जेवली का?" शेवंता चिडे. "दादा, सख्खी बहीण उपाशी उभी हाय, अन तुम्ही संस्थेच्या पाटीले जेवाले पुसून राहिले!" ते म्हणत, "तू तोंडानं सांगतं वं. तिले कोण पुसते?"

ही संस्था म्हणजे आम्हा विणकर बायायची. मागाचं शेड संस्थेच्या नावानं घेतलं होतं. ज्यानं आम्हाले इकलं त्यानंच ते पुन्हा दुसऱ्याले इकलं, अन त्या दुसऱ्यानं कुलूप ठोकलं. माग अंदर, आम्ही बाहेर. माया घरचा माणूस गेल्यावर मागावरच लेकरं वाढवली मी. मंग भिवापूरले मिरच्या तोडाले जाऊ लागलो. हाताची अशी आग होये का भाकर थापता नाही ये. पण रडून का होते? हात धुवा, सकाळी पुन्हा जा.

दावा टाकाचा तं कोर्टाची फी आमच्या डोक्यावरून जाय. वकीलभाऊ म्हणे, कायद्यात 'निर्धन व्यक्ती'ले फी पहिले भरा लागत नाही. पण शेड आमचं नाही, संस्थेचं. मंग दावाही तिचाच. अन समोरचे वकीलसाहेब म्हणे, संस्था कागदावरची, ती व्यक्ती कशी होईल?

वकीलभाऊ तडक उठले. "मॅडम, ती व्यक्ती, ती संस्था. दोन्ही बायाच हायत!"

मॅडम म्हणल्या, "व्याकरण झालं. आता कायदा सांगा."

वकीलभाऊ चष्मा हुडकू लागले. तो डोक्यावरच होता. तेवढ्यात वकीलसाहेब बोलले, "गरिबाची मालमत्ता मोजताना अंगावरचे कपडे सोडून देतात. या संस्थेला अंगच नाही, तर कपडे कुठून असणार? ही सवलत हाडामांसाच्या माणसासाठी आहे."

मले वाटलं, हा आमच्या संस्थेले उघडी म्हणून राहिला. मी उभीच झाली. "उघडी काहून? लुगडं हाय तिले!"

चंद्रकला पदर ओढे, "बस वं माय, बस." पण मॅडमनं पुसलं, कोणतं लुगडं? मी सांगितलं. दसऱ्याले माग पुजला का पहिलं लुगडं आम्ही इकत नाही. संस्थेच्या पाटीले नेसवतो. हळद-कुंकू लावतो. आता ते कुठं हाय? तं शेडात, कुलपात.

वकीलभाऊले जसा जोर चढला. "ऐका मॅडम! अंगावरच्या लुगड्यासकट कोंडली हाय बिचारी, अन हे म्हणतात ती गरीब नाही! उद्या कोणाले तिच्यावर दावा टाकाचा असला तं ती व्यक्ती. मंग तिनं हात जोडले तं कागद कशी?"

मॅडम हासल्या, पण मंग लय वेळ लिहीत राहिल्या. संस्थाही व्यक्ती हाय, अन गरीबही असू शकते, असंच त्यायनं धरलं. दावा दाखल झाला. त्या दिवशी टपरीवर संस्थेचा चहा वकीलभाऊनं मले पाजला.

केस अजून चालू हाय. पण निकाल लागेपर्यंत कुलूप काढाले लावलं कोर्टानं. माग खटखट करून राहिले, पाटीले औंदा नवं लुगडं नेसवलं. वकीलभाऊ मात्र आता इसरतात. केस दुसऱ्या वकिलानं घेतली. हे तरी काळा कोट घालून कोर्टाजवळच्या टपरीवर येऊन बसतात, एक चहा जास्तीचा सांगतात, अन येणाऱ्या-जाणाऱ्याले पुसतात, "संस्था जेवली का?" लोक हासतात. त्यायचं तोंड उतरते. आम्ही गेलो का सांगतो, पण उमरेडहून रोज जाणं होत नाही.

तुम्ही तिकडून जात असाल, अन एका म्हाताऱ्या वकिलानं तुम्हाले असं पुसलं, तं हासू नका. "हाव, जेवली," एवढं सांगा.