एली डॉक्टर

बोलता बोलता स्वतःच्या कपाळावर दोन टिचक्या मारायची त्याला सवय होती. "आजी, बाकी सगळं दुरुस्त होतं. ही एवढी वस्तू जपायची." मी म्हणायची, "मग हेल्मेट घाल की मेल्या." गिंडीच्या प्रयोगशाळेपर्यंत स्कूटरवर उघड्या डोक्याने जायचा.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर तो आणि त्याची बायको राहायची. साताऱ्याकडची दोघं. आम्ही तंजावरचे, पिढ्यान्‌पिढ्या इकडचेच. माझी मराठी ऐकून तो हसायचा, त्याचं तमिळ ऐकून वॉचमन हसायचा. वॉचमननेच त्याला एली डॉक्टर म्हणायला सुरुवात केली. एली म्हणजे उंदीर. तो प्रयोगशाळेत उंदरांवर काम करायचा.

भांगेच्या झाडातून नशा न आणणारं एक द्रव्य काढतात म्हणे. मेंदूला झटका आलेल्या उंदराला ते द्यायचं आणि मेंदू किती वाचतो ते बघायचं.

"उंदराला झटका येतो?"

"आम्ही आणतो, आजी. नस बंद करतो."

"पापी आहेस."

"आहे. म्हणून तर त्यांना नावं देत नाही, नंबर देतो."

माझ्या बापाची केळीची बाग होती, हे ऐकून त्याने मला ते केळीवरच समजावलं. पाट तुंबला की त्याच पाटावरची केळ आधी जाते. आजूबाजूच्या केळींना दुसऱ्या पाटाची थोडी ओल मिळते, त्या काही वेळ तग धरतात. तेवढ्या वेळात पोचायचं.

"मग माणसांना कधी देणार?"

"माहीत नाही. उंदराला झटका मी देतो, म्हणून औषध हातात तयार असतं. माणसाला कुठे सांगून येतो? आणि लोक वेळ घालवतात हो! तेल चोळतात, झोपवून ठेवतात." त्याचे वडील तसेच गेले होते. एवढा हसरा माणूस, पण हे बोलताना चिडायचा.

इमारतीला यातला भांग हा एकच शब्द कळला. जिन्यात भेटेल तो विचारायचा, "सर, सँपल आहे का?" तो म्हणायचा, "उंदीर व्हा, मग देतो."

इथे होळीला सुट्टी नसते, म्हणून महाराष्ट्रातली ही पोरं पुढच्या रविवारी गच्चीत रंग खेळतात. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात काम करणारा, त्याच्याच मजल्यावरचा एक तरुण, दरवर्षी थंडाई करायचा. एक पातेलं साधं, एक भांगेचं. एली डॉक्टर साधी थंडाई प्यायचा. त्या दिवशीही तीच प्यायला.

दुपारी त्याची जीभ जड झाली. पाय ओढायला लागला. तो कारखान्यातला ओरडला, "सरांना चढली! पातेलं चुकलं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही, आणि मला जिने चढवत नाहीत. ते हसणं मी खाली बसून ऐकत होते, आणि पोरं मजेत आहेत असं मला वाटत होतं.

नंतर त्या तरुणानेच मला सगळं सांगितलं. एली डॉक्टर डाव्या हाताने आपला उजवा हात उचलून एकेकाला दाखवत होता. हात सोडला की खाली पडायचा. तो पुन्हा उचलायचा, पुन्हा दाखवायचा. पोरांना वाटलं, नक्कल करतोय. आपल्याला काय होतंय हे त्या गच्चीत त्याला एकट्याला माहीत होतं, आणि त्यालाच सांगता येत नव्हतं.

भांगेवर उतारा म्हणून त्याला चिंचेचं पाणी पाजलं. ते ओठाच्या कोपऱ्यातून गळलं, त्यावरही हसले. मग नेऊन झोपवलं. बायको माहेरच्यांना सेंट्रल स्टेशनवर गाडीत बसवायला गेली होती. ती संध्याकाळी आली आणि किंचाळली.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, दुपारीच आणला असता तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं. मी त्याच्या बायकोला विचारलं, "आणि त्याचं ते औषध?"

"ते अजून उंदरांपुरतंच आहे, आजी."

जीव वाचला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पुढे प्रयोगशाळेने दुसरा माणूस घेतला. बायकोने त्याला साताऱ्याला न्यायचं ठरवलं.

जायच्या दिवशी लिफ्ट बंद होती. त्या कारखान्यातल्या तरुणाने त्याला पाठीवर घेतलं आणि एकेक पायरी उतरायला लागला. मी खाली दारात उभी होते. पोराला हुंदके आवरत नव्हते, डोळ्यांपुढचं दिसत नव्हतं. एली डॉक्टरचा डावा हात त्याच्या छातीवर होता. त्या हाताने तो त्याला हळूहळू थोपटत होता.

मी म्हटलं, "रडू नको रे. पायरी बघ."