कावळ्यांसाठी बांधलेल्या पट्ट्या

शनिवार-रविवारी आमच्या बंदरावर माणसं सौंदर्य बघायला येतात. नाकाला रुमाल लावून बघतात. समुद्र पाहिजे, होड्या पाहिजेत, सूर्य बुडताना पाहिजे, फक्त मासळीचा वास नको. मासळी जशी काही आम्हीच त्यांना छळायला कुठून तरी आणून टांगतो.

त्यातला एक मात्र रोजचा होता. तारापूरच्या कॉलनीतला, निवृत्त झालेला साहेब. गळ्यात हातभर लांब कॅमेरा. माझ्या वलांडीसमोर घडीची खुर्ची उघडून बसायचा. बोंबील सुकवतात ती वलांडी. वासे रोवून आडव्या दोऱ्या ताणायच्या, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. शेकड्यांनी टाकायच्या. बोटांची सालं निघतात. माझी वलांडी सगळ्यांच्या शेवटी, तिवरांच्या झाडीला लागून. सकाळी बोटी लागल्या की मान वर करायला सवड नसते, आणि हा खुर्चीत बसून मला सांगणार,

"मावशी, एवढं निसर्गसौंदर्य तुमच्या दारात, आणि तुमचं लक्षच नाही!"

"मग तुमी ठेवा लक्ष. मला बोंबील हायेत."

एकदा त्यानं कॅमेऱ्यातला फोटो दाखवलाच. माझ्याच दोरीवर बसलेला एक पक्षी. हिरवागार, डोकं तांबूस, गळ्याखाली निळा, डोळ्यांत काजळाची रेघ ओढल्यासारखी. शेपटीतून सुईसारखी काडी निघालेली. चोचीत एक टपोरी माशी.

"वेडा राघू म्हणतात याला," साहेब म्हणाला.

"तो बसल्या जागी पोट भरतो, तुमी दोन तास बसून फोटो काढता. वेडा कोन?"

साहेब हसला. सुनेनं तो फोटो मोबाइलवर मागून घेतला आणि मला म्हणाली, "आई, आपल्या दोरीवर सात-आठ जन रोज रांगेनं बसतात. तुमी कधी पाह्यले नाय?" नव्हते पाहिले. इतकी वर्षं ते माझ्या डोक्यावर बसत होते आणि मला पत्ता नव्हता. त्याचं मला वाईटही वाटलं नाही. दोरीवर काय बसलंय ते बघत राहिले असते तर दोरीखाली माझी पोरं उपाशी निजली असती.

दिवाळीनंतर कावळ्यांनी उच्छाद मांडला. पूर्वी आम्ही मेलेला कावळा काठीला उलटा टांगायचो, बाकीचे फिरकत नसत. पण मेलेला कावळा हवा तेव्हा थोडाच मिळतो? सून बोईसरहून चंदेरी पट्ट्या घेऊन आली, वाढदिवसाला भिंतीवर लावतात तसल्या. दोघींनी दोरीदोरीला बांधल्या. वारा सुटला की वलांडी अशी चमचमायची, जसा लग्नाचा मांडव. कावळे चार दिवस घाबरले. पाचव्या दिवशी एक कावळा पट्टीवरच पाय देऊन माझा बोंबील फाडत होता.

"मावशी, राघू गेले हो," साहेब म्हणाला. तोंड असं केलं होतं, जसं माझ्या घरी कोणी वारलंय.

"जाऊ देत. माझे जावई नव्हते ते."

पुढच्या आठवड्यात बोंबलांची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात बसले. सुक्या मासळीच्या रांगेत माझी जागा तीस वर्षांची आहे. कारखान्यांतल्या मजुरांना डबे देणारी एक खानावळवाली माझे अर्ध्याहून जास्त बोंबील उचलते. पण आधी एक बोंबील मोडते, हुंगते, मग घेते. तिचं बघून बाकीची गिऱ्हाइकं घेतात. त्या दिवशी तिनं बोंबील मोडला आणि माझ्या पुढ्यात टाकला. आत अळी वळवळत होती.

"मौसी, ये क्या है? मेरे आदमी काम पे जाते हैं, अस्पताल नहीं जाते."

शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी दुसरा मोडला. त्यातही अळी.

"अगली बार भी ऐसा निकला, तो मैं उधरवाली से लूँगी," ती म्हणाली आणि गेली. ती गेली म्हणजे माझी रांगेतली जागा गेल्यात जमा. मी सगळी पाटी उकिरड्यावर ओतली आणि टमटम पकडून घरी आले.

सून म्हणाली, "आई, माश्या बसतात म्हनून अळ्या पडतात. सगळी मारतात तो फवारा आपन पन आनू."

"तुझ्या पोरांना तेच बोंबील खायला घालशील? मग आन."



नवा माल टांगला आणि मी फडकं घेऊन वलांडीखाली उभी राहिले. इकडच्या माश्या हाकलल्या की तिकडे बसत. दुपारपर्यंत खांदा निकामी झाला. हिरव्या, टपोऱ्या, निलाजऱ्या माश्या. तेव्हा तो फोटो आठवला. साहेबानं त्यात रंग बघितला, सुनेनं रंग बघितला. मीही शेपटीची काडी बघत बसले. माझा जन्म माश्या हाकण्यात गेलाय. चोचीतली माशी निदान मी तरी ओळखायला हवी होती.

फडकं टाकलं आणि पट्ट्या ओरबाडून काढायला लागले.

"आई, कावळे येतील!" सून ओरडली.

"येऊ देत. कावळा खाऊन उरवतो तरी."

तो मालही निम्मा टाकावा लागला. त्याच्या पुढचा टांगला तेव्हा मी दर घटकेला मान वर करून दोरी बघू लागले. या वयात ही थेरं. पहिल्या दिवशी कोणी नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली आणि तिवरांतून एक सुटला. हवेतच गिरकी घेतली, दोरीच्या टोकाला येऊन बसला आणि चोचीतली माशी दोरीवर आपटू लागला. ऊन अंगावर पडलं की तो हिरवा राहत नव्हता, पितळेसारखा व्हायचा. फोटोत हे नव्हतं.

मागून खुर्ची उघडल्याचा आवाज आला.

"हलू नका," मी साहेबाला म्हटलं.

"मावशी, तुम्हालाही..."

"गप उभे ऱ्हावा."

रस्त्यावर टमटमवाल्यानं दोनदा भोंगा वाजवला आणि तो निघून गेला. तोवर दोरीवर तिघे झाले होते. सून दारातून तोंड दाबून हसत होती. हसू दे.

तो माल कडक सुकला. बाजारात खानावळवालीनं या वेळी एक नाही, चार मोडले. चारही हुंगले, उजेडात धरून बघितले.

"दवा मारा क्या?"

"नाय."

"तो मक्खी का क्या किया?"

"चिडिया खाती है. हरी हरी. दोरी पे बैठती है," मी म्हटलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण पुढं शेपटीच्या काडीचंही सांगितलं, आणि ऊन पडलं की रंग कसा पालटतो तेही.

मी त्या साहेबाकडे बघते तसं तिनं माझ्याकडे बघितलं, आणि बोंबील पिशवीत भरायला लागली.